गोव्यात कॉफीचं काम: ‘१०० टक्के अरेबिका’च्या पुढे जाऊन बी कुठलं ते विचारा

तिसवाडीकर

नमस्कार मंडळी,

पणजीजवळच्या एका छोट्या रोस्टरीत मी कामाला आहे. कच्ची कॉफी उतरवून घेणं, निवडणं, भाजणं, चाखणं आणि आसगाव, पणजी, मडगावच्या कॅफेंना पोचवणं, सगळंच थोडंफार माझ्याकडे असतं. इथे चहावर धागे पुष्कळ आहेत. कॉफीवरचे बहुतेक फिल्टर आणि डिकॉक्शनपाशी थांबतात. मला बियांबद्दल लिहायचंय आणि जमलं तर या धंद्यात काम कसं असतं त्याबद्दलही.

कॅफेत भेटणारे लोक मला हटकून एकच विचारतात, “अरेबिकाच आहे ना?” हो म्हटलं की त्यांचं समाधान होतं. पाकिटावरही तेवढंच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पण अरेबिका ही प्रजाती झाली. म्हापशाच्या बाजारात आपण “आंबाच आहे ना?” असं विचारून पिशवी पुढे करत नाही. मानकुराद की हिलारियो, कुठल्या गावचा, पिकवला कसा, हे विचारल्याशिवाय पैसे काढत नाही. कॉफीलाही हे सगळे प्रश्न लागू आहेत आणि ती पिकते आपल्या अगदी शेजारी. घाट चढून दक्षिणेकडे उतरत गेलं की हासन, चिकमगळूर, कोडगू. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी अरेबिका म्हणजे एस. ७९५. चिकमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूरला कॉफी संशोधन केंद्र आहे, १९२५ पासूनचं. तिथे एस. २८८ आणि केंट या दोन जातींच्या संकरातून ही जात तयार झाली आणि १९४० च्या दशकात मळेवाल्यांच्या हाती आली. एस. २८८ च्या पूर्वजांत लायबेरिका नावाच्या वेगळ्याच प्रजातीचं रक्त आहे. पानांवर नारिंगी भुकटी धरणारा तांबेरा जुन्या जाती उभ्या जाळत होता. त्याच रोगाने १८६९ नंतर श्रीलंकेतली कॉफी संपवली आणि तिथे चहा आला. एस. ७९५ ने इथल्या मळेवाल्यांना टिकवून धरलं. आज तिचीही प्रतिकारशक्ती कमी झालीय, तरी चवीसाठी लोक ती सोडत नाहीत. चांगली धुतलेली, म्हणजे फळाची साल काढून बी पाण्याने धुऊन वाळवलेली, एस. ७९५ मध्यम भाजली तर गुळाचा गोडवा आणि मागून चिंचेसारखी हलकी आंबट कड लागते. दूध-साखर न घालता एकदा पिऊन बघा.

दुसरी सिलेक्शन ९. इथिओपियाची ताफारिकेला ही जात आणि तिमोर संकर (त्याच्याबद्दल पुढे) यांच्यापासून झालेली. हिचा वास जास्त फुलांचा, अंग हलकं. तिसरी चंद्रगिरी, २००७ मध्ये मळ्यांसाठी खुली झालेली, ठेंगणी झाडं, ठसठशीत दाणा, विया सार्ची ही अरेबिकाची जात आणि तिमोर संकर यांची पोर. चौथी कावेरी, म्हणजे कातुर्रा ही अरेबिकाचीच जात आणि पुन्हा तोच तिमोर संकर.

हा तिमोर संकर काय, ते गोव्यातल्या माणसाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. पोर्तुगीज अमलाखालच्या तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा ही कॉफीची दुसरी मोठी प्रजाती यांचा मानवी हात न लागता संकर झाला. अरेबिकाची ४४ गुणसूत्रं, रोबस्टाची २२, त्यामुळे हे सहज घडणारं नव्हे. त्या झाडाला तांबेरा होत नव्हता. पुढे १९५५ मध्ये पोर्तुगालमधल्या ओएराश इथे कॉफीच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारं केंद्र निघालं. तिमोर संकराचा कातुर्राशी आणि विया सार्चीशी मेळ तिथेच घातला गेला आणि ते बियाणं जगभर वाटलं गेलं. आपल्या शेजारच्या घाटात उभी असलेली चंद्रगिरी आणि कावेरी त्याच वंशावळीतल्या आहेत.

प्रश्न विचारा, माहीत असेल तेवढं लिहीन.

वाचस्पती_वाळपई

उत्तम माहिती. वाचनखूण साठवली. रोबस्टावर पण लिहा.

फोंडेकरीण

फार छान लिहिलंत दादा. आमच्या घरी सासूबाईंच्या काळापासून फिल्टर आहे, त्या मूळच्या शिर्सीच्या. पावडर बाजारातून दळून आणतो, तीस टक्के चिकोरी घालून. हल्ली मुलगी म्हणते चिकोरी म्हणजे भेसळ, बंद करा. खरंच भेसळ आहे का ती? आम्हाला तर त्याशिवाय कॉफी कॉफी वाटत नाही.

तिसवाडीकर

ताई, सांगून आणि लिहून घातलेली चिकोरी भेसळ नाही. ते एका झाडाचं मूळ आहे, वाळवून भाजलेलं. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं. त्यामुळे ‘तीस टक्के’ हे तुम्हाला माहीत असणं हाच त्यातला प्रामाणिकपणा. चिकोरीत कॅफीन नसतं, रंग मात्र गडद येतो आणि डिकॉक्शनला दाटपणा येतो. दुधात ती कॉफी उठून दिसते ती त्यामुळे. सासूबाईंची चव बदलायची काही गरज नाही.

भेसळ होते ती न सांगता घातल्यावर. घरच्या घरी बघायचं तर काचेच्या ग्लासात थंड पाणी घ्या, हलवू नका आणि वरून चिमूटभर पावडर भुरभुरा. कॉफीचे कण बराच वेळ वर तरंगतात. चिकोरी लगेच पाणी शोषून खाली बसायला लागते आणि बसता बसता तिच्यामागे तपकिरी रंगाच्या रेघा उतरत जातात. ‘शुद्ध कॉफी’ म्हणून घेतलेल्या पाकिटात अशा रेघा दिसल्या तर दुकानदाराला विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

कडूगोड

लेख आवडला पण एक विचारतो. अरेबिका एवढं नुसतं विचारून भागत नाही हे ठीक. तरी रोबस्टापेक्षा ती बरीच की. रोबस्टा म्हणजे झटपट कॉफीच्या बरणीत जाणारा स्वस्त माल. मी असं ऐकलंय की चांगले कॅफे ती दारात उभी करत नाहीत.

तिसवाडीकर

हा समज मला मनापासून खटकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारतात होणाऱ्या कॉफीत साधारण ७० टक्के रोबस्टा आहे. आपल्या मळेवाल्यांचं पोट तिच्यावर आहे आणि जगात आपल्या रोबस्टाला मान आहे. इटली आपल्या कॉफीची मोठी गिऱ्हाईक, आणि तिथले एस्प्रेसोवाले आपली धुतलेली रोबस्टा मिश्रणात घालतात. कपावर जी सोनेरी साय येते, जिला क्रेमा म्हणतात, ती रोबस्टाने जाड आणि टिकाऊ होते. कॅफीनही जास्त, अरेबिकात सव्वा टक्क्याच्या आसपास तर रोबस्टात दोन टक्क्यांच्या वर. कीड कमी लागते त्याचं एक कारण तेच.

रोबस्टा बदनाम झाली ती तिच्यावर मेहनत न घेतल्याने. कच्ची-पिकी एकत्र ओरबाडायची, अंगणात जाड थर लावून वाळवायची, खालचा थर कुजला तरी चालतं म्हणायचं. अशा मालाला रबर आणि ओल्या पोत्याचा वास येणारच. अरेबिका तशी वागवली तर तिचीही तीच गत होईल. उलट फक्त लाल फळं तोडून त्याच दिवशी पल्पर केली, म्हणजे यंत्रातून साल काढली, धुतली आणि पातळ थरात वाळवली की रोबस्टात डार्क चॉकलेट, भाजलेले दाणे, थोडा मसाल्याचा वास मिळतो. कापी रॉयाल नावाची आपली खास प्रत आहे, ती याच धुतलेल्या रोबस्टातून निवडलेली. अरेबिकातली तशी खास प्रत म्हणजे म्हैसूर नगेट्स.

जातींचं म्हणाल तर रोबस्टातही त्या आहेत. एस. २७४ हा मोठ्या दाण्याचा, भरघोस पिकाचा वाण. सी बाय आर म्हणजे कॉन्जेन्सिस नावाच्या रानटी प्रजातीशी रोबस्टाचा संकर, त्याची चव मऊ. आमच्याकडे सी बाय आरचं धुतलेलं पोतं येतं तेव्हा ते भाजायला मी स्वतः उभा राहतो. रोबस्टाचा दाणा गोलसर आणि घट्ट, मधली चीर सरळ. अरेबिकाचा लांबट, चीर नागमोडी. हातात घेऊन बघितलं की ओळखायला वेळ लागत नाही.

घाटमाथा_बेळगाव

तिसवाडीकर, रोबस्टाबद्दल लिहिलात ते बरं केलात. माझ्या मेव्हण्याचा चिकमगळूर जिल्ह्यात मुडिगेरेकडे मळा आहे, तोडणीच्या दिवसांत मी तिकडंच असतो. चार गोष्टी मळ्याच्या बाजूनं सांगतो.

भाव तिथं ५० किलोच्या पोत्यावर बोलतात. दोन प्रकारचा माल असतो. पल्पर करून, धुऊन, आतल्या पातळ सालपटासकट वाळवलेला तो पार्चमेंट, आणि अख्खं फळ तसंच वाळवलेलं ती चेरी. चेरीचं पोतं विकताना व्यापारी आऊटटर्न बघतो, म्हणजे ५० किलो सुक्या चेरीतून साफ बी किती निघतं ते. रोबस्टाला २६ ते २८ किलो निघालं की बरं म्हणायचं. झाडावरच्या ताज्या फळाचं गणित तर अजून अवघड. अरेबिकाचं एक किलो साफ बी मिळवायला साधारण सहा किलो फळं तोडावी लागतात. पाकिटाची किंमत बघून लोक डोळे मोठे करतात, तेव्हा हा हिशोब आठवावा.

आणि सगळं फुलोऱ्याच्या पावसावर. फेब्रुवारी-मार्चात एक चांगला पाऊस पडला पाहिजे, आठ-दहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो. मग काही आठवड्यांनी दुसरा पाऊस, फळ धरायला. पहिला आला आणि दुसरा चुकला तर हाती काही नाही. ज्यांच्याकडं तळं आहे ते स्प्रिंकलर लावतात. बाकीचे आभाळाकडं बघत बसतात. अरेबिकाला त्यात खोडकिडा. ती अळी खोडात बोगदे पाडते, झाड बाहेरून हिरवं दिसतं आणि आत पोकळ. उपटून जाळल्याशिवाय इलाज नाही. म्हणून सखल भागातले कितीतरी जण अरेबिका काढून रोबस्टाकडं वळले.

दराचं तर काय सांगू. रोबस्टा लंडनच्या बाजारावर चालते, डॉलर प्रति टन. अरेबिका न्यूयॉर्कवर, सेंट प्रति पौंड. व्हिएतनाममध्ये दुष्काळ पडला आणि २०२४ मध्ये लंडनला रोबस्टा टनाला ५००० डॉलरच्या वर गेली. इतका दर मेव्हण्याच्या वडिलांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. त्यांच्या काळात तर माल सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र साठ्यात, घालायचा आणि पैसे हप्त्या-हप्त्यानं यायचे. मोकळी विक्री १९९२ पासून थोडी थोडी सुरू झाली आणि १९९६ पर्यंत पूर्ण खुली झाली.

तिसवाडीकर

घाटमाथा, मनःपूर्वक आभार. आऊटटर्नबद्दल एवढं सोपं करून कुणी लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

त्याच दरवाढीची गोव्याची बाजू: फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या पुढे होती. कॅफेवाले कपाचा दर एकदम वाढवू शकत नाहीत, गिऱ्हाईक तुटतं. मग काही जण गुपचूप हलका माल मागतात. आम्ही तेव्हा कॅफेंना सरळ सांगितलं की मिश्रणात धुतलेली रोबस्टा वाढवू आणि पाकिटावर तसं लिहू. निम्म्यांनी नकार दिला, कारण पाटीवर ‘१०० टक्के अरेबिका’ रंगवलेलं होतं. या तीन शब्दांनी चांगल्या मालाची वाट अडवली जाते ती अशी.

जुना_मुरगावकर

मी बंदरात आयुष्य घालवलेला माणूस. कॉफी आमच्याकडून फारशी गेली नाही, ती मंगळूर, कोची, चेन्नईची. पण दमट हवेत पोत्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे. कंटेनर दिवसा तापतो, रात्री थंड होतो, आतल्या हवेतलं पाणी छताला धरतं आणि मालावर ठिबकतं. तागाची पोती ते पाणी पितात. म्हणून आतून क्राफ्ट कागद लावायचे आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या.

मला एक कुतूहल आहे. ‘मान्सून्ड मलबार’ म्हणतात ती कॉफी मुद्दाम पावसात भिजवतात असं ऐकून आहे. हे खरं का? आणि खरं असेल तर पावसाची आपल्याकडे काय कमी, ती गोव्यात का करत नाहीत?

तिसवाडीकर

काका, तुम्ही लिहिलंत तिथूनच त्या कॉफीचा जन्म आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला महिनेच्या महिने लागायचे. लाकडी तळात, समुद्राच्या ओलीत ते दाणे फुगायचे, पिवळट व्हायचे, आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना तीच चव लागली. आगबोटी आल्या, सुवेझचा कालवा झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि चव बदलली. मागणी तशीच होती, म्हणून किनाऱ्यावरच पावसाळी हवा देऊन तोच परिणाम साधायची पद्धत बसली.

भिजवत मात्र नाहीत. पावसाचा थेंब लागता कामा नये. जून ते सप्टेंबर, मंगळूरसारख्या ठिकाणी क्युरिंग वर्क्सच्या, म्हणजे मळ्यावरचा माल साफ करून निवडणाऱ्या कारखान्यांच्या, हवेशीर गोदामांत चेरी पद्धतीने वाळवलेल्या अरेबिकाचा चार ते सहा इंचांचा थर जमिनीवर पसरतात आणि सारखा वर-खाली करत राहतात. नंतर पोत्यांत सैल भरून, मध्ये वारा खेळेल अशी थप्पी लावतात, पोती रिकामी करून पुन्हा भरतात. दाण्यातली ओल १०-११ टक्क्यांवरून १५ च्या पुढे जाते, दाणा फुगून फिकट सोनेरी होतो. शेवटी बुरशी लागलेले, न फुगलेले दाणे निवडून काढावे लागतात. हे निवडणं बायका करतात, तासन् तास, आणि त्या कॉफीची प्रत त्यांच्या नजरेवर ठरते. कपात तिची चव जड, मातकट, मसालेदार असते, आंबटपणा जवळजवळ नाही.

गोव्यात हवा तशी असली तरी ते नाव आपल्याला लावता येणार नाही, मान्सून्ड मलबारला भौगोलिक निर्देशन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्याच मालाला लावता येतं. बाकी कूर्ग (म्हणजे कोडगू), चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा, आंध्रची अराकू अरेबिका, या सगळ्यांना २०१९ मध्ये मिळालं.

कुळागर_सावई

आमचं कुळागर आहे, सुपारी, माड, मिरी, केळी, थोडं जायफळ. बारमाही झऱ्याचं पाणी आहे. मधल्या सावलीत कॉफी लावली तर? दोन-चार झाडं लावून बघायचा विचार आहे. कॉफी बोर्डाच्या नकाशावर गोवा कुठे दिसत नाही हे माहीत आहे, तरी विचारतो.

घाटमाथा_बेळगाव

लावा की, पण अरेबिका नको. तिला हजार मीटरच्या वरची थंडी लागते. खाली खोडकिडा पहिल्या काही वर्षांतच खाऊन टाकेल. रोबस्टा सखल भागात, दमट हवेत तग धरते.

दोन अडचणी आहेत. एक, अरेबिका स्वतःच्या परागाने फळ धरते, रोबस्टाला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. दोन-चार झाडं लावलात आणि ती एकाच झाडाच्या फांदीची कलमं असली तर फुलं येतील, फळ धरणार नाही. बियांपासूनची पंधरा-वीस रोपं जवळजवळ लावा. दुसरी अडचण तुमच्या झऱ्याची. रोबस्टाला डिसेंबर ते फेब्रुवारी पाण्याचा ताण बसावा लागतो, मग एकदम पाणी मिळालं की सगळी कळी एका वेळी फुलते. सुपारीला तुम्ही उन्हाळाभर पाणी सोडणार. मग कॉफी थोडी थोडी, कधीही फुलत राहील आणि तोडणी सहा महिने पुरेल. पाटापासून जरा उंचावरची जागा बघा, जिथं पाणी आपल्या हातात राहील.

कुळागर_सावई

हे कुणीच सांगितलं नव्हतं. वरच्या बाजूला काजूलगत एक पट्टा आहे तो बघतो. धन्यवाद.

म्हापशाची_माय

मी इथे बहुतेक वाचतेच. माझ्या मुलाने हॉटेल मॅनेजमेंट केलंय. त्याला हॉटेलात जायचं नाही, बरिस्ता व्हायचंय म्हणतो. वडील म्हणतात कॉफी करून देण्यासाठी शिकला का. मला त्याच्या बाजूने बोलायचं आहे, पण त्या कामाची काहीच माहिती नाही. पुढे काय असतं त्यात? गोव्यात बारा महिने काम मिळतं का?

तिसवाडीकर

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मीही काउंटरपासूनच सुरुवात केली, म्हणून आतून सांगतो.

बरिस्ताचं काम बाहेरून दुधावरच्या नक्षीसारखं दिसतं. खरं काम ग्राइंडरपाशी असतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याने १८ ग्रॅम पूड मोजून घ्यायची, त्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास एस्प्रेसो पंचवीस-तीस सेकंदांत उतरतोय का बघायचं. झरझर उतरला तर दळण जाड आहे, चव आंबट आणि पाणचट. अडखळला तर बारीक झालंय, कडवट. गोव्यात हे दिवसातून अनेकदा करावं लागतं, कारण हवेतली ओल बदलते. सकाळी लावलेलं दळण दुपारी पावसाची सर आल्यावर चालत नाही. दूध ६०-६५ अंशांवर थांबवायचं, त्यापुढे गेलं की गोडवा जातो. शिवाय मशीन रोज उलट्या पाण्याने धुणं, वाफेची नळी पुसणं, भांडी, फरशी. आठ-नऊ तास उभं राहावं लागतं. पाठ आणि मनगट सांभाळायला पहिल्या दिवसापासून शिकू दे.

बारा महिन्यांचं उत्तर स्पष्ट देतो. गर्दीचे दिवस ऑक्टोबर ते मार्च. पावसाळ्यात किनारपट्टीवरची बरीच ठिकाणं वेळ कमी करतात किंवा बंद राहतात. पणजी, मडगाव, म्हापशातली, जिथे स्थानिक गिऱ्हाईक आहे, ती चालू राहतात. माझ्या पहिल्या ठिकाणी पावसाळ्यात अर्धा पगार मिळाला. बोलणं तोंडी झालेलं, कागद नव्हता. म्हणून मुलाला सांगा, रुजू होण्याआधी जून ते सप्टेंबरचा पगार, साप्ताहिक सुट्टी, पीएफ आणि टिपांची वाटणी लिहून घे. यात संकोच नको. लिहून देणारी चांगली माणसं गोव्यात आहेत.

आता पुढचं. काउंटरवर वर्ष-दोन वर्षं झाली की वाटा फुटतात. कुणी मशीनची दुरुस्ती शिकतो. गोव्यात त्याची फार गरज आहे, खारी हवा मशीन खाते आणि तंत्रज्ञ बेंगळुरूहून येईपर्यंत कॅफे बसून राहतो. कुणी भाजणीकडे येतो. भाजणी कानाने आणि नाकाने शिकायची गोष्ट आहे. पिंपात दाणे हिरव्याचे पिवळे होतात, गवताचा वास जाऊन भाजत्या पावाचा येतो, आणि १९६ अंशांच्या आसपास तडतड सुरू होते. ती पहिली तडतड. तिथून पुढची एक-दोन मिनिटं सगळं ठरवतात. रोबस्टाची तडतड हळू असते, लक्ष नसलं तर निसटते. तिसरी वाट चाखण्याची, कपिंगची. ८.२५ ग्रॅम पूड, १५० मिली गरम पाणी, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून वास घ्यायचा, मग निवत जाईल तसं चमच्या-चमच्याने सुर्रकन ओढून चाखायचं. शंभरापैकी ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी कॉफी. हे जमलेल्या माणसाला मळेवाले, निर्यातदार, क्युरिंग वर्क्स सगळे शोधत असतात.

शिक्षणाचं म्हणाल तर बेंगळुरूला कॉफी बोर्डाचं मुख्यालय आहे. त्यांचा ‘कापी शास्त्र’ नावाचा छोटा अभ्यासक्रम आहे, त्यात भाजणी आणि कॉफी करणं शिकवतात. कॉफीच्या गुणवत्तेवर पदव्युत्तर पदविकाही आहे, ती मात्र पूर्णवेळ आणि प्रवेशाच्या अटी बघून ठरवायची. महागड्या खाजगी वर्गांना पैसे भरण्याआधी बोर्डाचं बघा.

वडिलांना एवढंच सांगा की कपापासून मळ्यापर्यंत जाणारा हा रस्ता आहे आणि त्यावर मराठी-कोकणी बोलणारी आपली मुलं फार कमी आहेत. मळे इतके जवळ असून असं का व्हावं, याचं मला वाईट वाटतं.

म्हापशाची_माय

तुम्ही एवढा वेळ काढून लिहिलंत. वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण पगार लिहून घ्यायचा मुद्दा त्यांना पटला. मुलगा विचारतोय की मळा बघायचा असेल तर कधी जावं?

फोंडेकरीण

मध्येच विचारते, माझी पावडर पावसाळ्यात डब्यात गोळा होते. फ्रिजमध्ये ठेवू का?

तिसवाडीकर

फोंड्याच्या ताई, रोज उघडायचा डबा फ्रिजमध्ये नको. बाहेर काढला की गार पावडरीवर हवेतलं पाणी धरतं, शिवाय ती फ्रिजमधले वास ओढते. पावसाळ्यात पंधरा दिवस पुरेल एवढीच दळून आणा, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात चुलीपासून लांब ठेवा आणि चमचा कोरडा ठेवा. घरात छोटा ग्राइंडर घेता आला तर दाणे आणा, ते पावडरीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा. भाजून चार-पाच दिवस झालेले ते महिनाभराच्या आतले दाणे सगळ्यात चांगले. नुसती ‘वापराची मुदत’ छापली असेल तर भाजल्याची तारीख विचारा.

आणि म्हापशाच्या ताई, मुलाने डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीत जावं. अरेबिकाची तोडणी संपत आलेली असते आणि रोबस्टाची सुरू होते, दोन्ही बघायला मिळतं. घाटमाथा, तुमच्याकडे सोय होईल का?

घाटमाथा_बेळगाव

होईल की. जानेवारीत पाठवा, व्यक्तिगत निरोप टाका म्हणजे ठरवू. एक दिवस येऊन फोटो काढून जाऊ नये मात्र. चार दिवस तरी राहावं. सकाळी बायकांबरोबर तोडणीला जाऊ दे, लाल फळ कुठलं आणि अर्धं पिकलेलं कुठलं हे बोटांना कळलं पाहिजे. एक पिकलेलं फळ तोंडात टाकून बघायला सांगा, गोड असतं. तोडलेला माल दुपारनंतर मोजून घेतात आणि त्याच संध्याकाळी पल्पर चालतो, रात्रभर ठेवला तर आंबतो. तेव्हा तीन वाजल्यापासून त्यानं पल्परपाशी थांबावं. दुसऱ्या दिवशी अंगणात वाळत घातलेल्या पार्चमेंटवर दंताळं फिरवायचं काम देऊ त्याला. पहाटे थंडी असते, स्वेटर आणू दे.